कच्च्या मडक्यापासून पायरीपर्यंत : श्रीसंत नामदेवराय





आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली आणि त्या निमित्ताने हा ग्रंथ निघतो आहे. कमिटीच्या मंडळींनी आमच्यावर एका संताचं चरित्र लिहायचं काम टाकलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्य गेलं ते भाताच्या चिखलात आणि टाळाच्या नादात. कीर्तनाला उभं राहिलं की बोलणं आपोआप येतं, पण कागदासमोर बसलं की हात नांगराच्या रुमण्यासारखा जड होतो. तरी संतांचं काम, नाही म्हणवलं नाही. शुद्धलेखन नातीने तपासलंय. काही चुकलं असेल तर ते आमचं.

खरं सांगायचं तर हे काम मिळालं तेव्हा आमच्या मनात आधी चरित्र आलंच नाही. आधी आलं ते हे, की ग्रंथात आपला फोटो कितव्या पानावर येणार. साठी उलटून गेली, गळ्यात माळ घालून पन्नास वर्षं होत आली, आणि मन अजून फोटोवर! आधी हसू आलं, मग लाज वाटली. तेव्हाच ठरवलं की लिहायचं तर नामदेवरायांचं लिहायचं. कारण स्वतःचा विचार करणं वेगळं आणि स्वतःला ओळखणं वेगळं, हे ज्यांच्या चरित्रातून आम्हाला कळलं, ते तेच.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे इसवी सन १२७०. गाव नरसी बामणी, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. घरात पंढरीची वारी आधीपासूनची. पुढे घरदार पंढरपुरातच राहिलं आणि बाळ नामदेव चंद्रभागेच्या वाळवंटात आणि राउळाच्या सावलीत वाढले.

दुधाची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दामाशेटी परगावी गेले होते, नैवेद्य न्यायचं काम लहान नामदेवावर आलं. त्यांनी दुधाची वाटी विठ्ठलापुढे ठेवली आणि देव पिईना म्हणून रडून, हट्ट करून, जीव द्यायला निघाले. शेवटी देव दूध प्याला. केवढा तो भाव! आम्ही कीर्तनात ही गोष्ट सांगतो तेव्हा बाया डोळ्याला पदर लावतात. पण या गोष्टीचा पुढचा भाग फार कोणी बघत नाही. ज्या पोराच्या हातून देव दूध प्याला, त्या पोराच्या मनात काय रुजलं असेल? देव माझा, हे तर रुजलंच. पण त्याच्या शेजारी आणखी एक रोप उगवलं, की मी देवाचा लाडका. शेतकरी मंडळींना सांगायला नको, भातात तण उगवतं तेव्हा दोन्ही सारखीच हिरवी दिसतात. ओंबी धरायच्या वेळेलाच फरक कळतो.

नामदेवराय मोठे झाले. राजाईशी लग्न झालं, चार मुलगे झाले, लिंबाई नावाची लेक झाली. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच या घरी आली होती, तीही याच घरात दळण-कांडण करत मोठी झाली. घर माणसांनी भरलेलं आणि मिळवता हात राउळात टाळ वाजवतोय. सुई-दोरा पडून राहिला. गोणाई विठ्ठलाकडे जाऊन भांडायची की माझा पोर तू घेतलास. राजाई दारिद्र्याचं गाऱ्हाणं सांगायची. या बायकांची गाऱ्हाणी आपल्या परंपरेने झाकून ठेवली नाहीत, अभंगांत जपून ठेवली, हे फार मोठं आहे. भक्ती खरी होती यात शंका नाही. पण त्या काळात नामदेवरायांचं जग म्हणजे विठ्ठल आणि नामदेव, दोघंच. तिसऱ्याला जागा नव्हती.

पुढे ज्ञानोबामाउलींची भेट झाली. माउलींचा जन्म १२७५ चा, म्हणजे नामदेवराय त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे. माउलींनी त्यांना तीर्थयात्रेला बरोबर येण्याची विनंती केली. नामदेवराय निघायला तयार नव्हते. पंढरी सोडली की विठ्ठल सुटला, असं त्यांना वाटायचं. अखेर देवाच्या सांगण्यावरून निघाले, पण पाय पुढे आणि तोंड मागे. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

वाटेत वाळूच्या मुलखात दोघांना तहान लागली. विहीर खोल, दोर नाही. माउली योगबळाने सूक्ष्म रूप घेऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवरायांनी मात्र विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहिली, अशी कथा आहे. माउलींनी त्यांच्या भक्तीचा गौरव केला. परत आल्यावर जिकडे तिकडे नामदेवांचं नाव झालं.

यानंतरचा प्रसंग म्हणजे मडक्यांचा. गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताई, आणि नामदेवराय. मुक्ताईचं लक्ष कोपऱ्यातल्या थापटीकडे गेलं. तिने विचारलं की हे कशाला वापरतात. काकांनी सांगितलं की मडकं कच्चं की पक्कं हे याने कळतं. मग मुक्ताईनेच सुचवलं की इथे बसलेली मडकी पण बघा. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटी मारत निघाले. निवृत्तिनाथ गप्प. माउली गप्प. सोपानदेव गप्प. नामदेवरायांची पाळी आली आणि ते चिडले. बोलावून घेऊन डोक्यात मारता, हा कुठला पाहुणचार, असा त्यांचा सूर होता. काकांनी निकाल दिला की हे एक मडकं कच्चं आहे.

मंडळी, कुंभाराच्या आव्यातून निघालेलं मडकं वाजवलं की खणखणतं. कच्चं असेल तर बद्द वाजतं. बाहेरून रंग सारखा असू शकतो, घाट सारखा असू शकतो, नक्षी तर कच्च्यावर जास्तही असेल. पण पाणी भरलं की कच्चं विरघळतं. नामदेवरायांना हे ऐकायला लागलं ते कोणाच्या पुढ्यात? वयाने लहान असलेल्या भावंडांच्या. सुचवलं कोणी? मुक्ताईने, ती तर त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान पोर. ज्याच्या हातून देव दूध प्याला, ज्याच्या धाव्याने विहीर भरली, तो कच्चा!

नामदेवराय रुसून पंढरीला आले आणि विठ्ठलापुढे रडले.

आता इथे आमचं ऐका. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लोणंदच्या मुक्कामी रात्रीचं कीर्तन आमचं ठरलं होतं. ऐनवेळी ते एका तरुण मुलाला दिलं गेलं. आम्ही कोणाशी एक शब्द बोललो नाही. पहाटे पिशवी उचलली आणि एस.टी. धरून घरी आलो. तीस वर्षांची वारी मोडली. पावसाने मोडली नाही, दुखण्याने मोडली नाही, एका कीर्तनावरून मोडली. घरी बसून आम्ही रात्रंदिवस आमचाच विचार केला. आपला आवाज, आपलं पाठांतर, आपण दिंडीसाठी काय काय केलं, आपला कसा अपमान झाला. तेव्हा आम्हाला वाटत होतं की आम्ही आत्मचिंतन करतोय. पण त्या सगळ्या दिवसांत त्या मुलाचं कीर्तन कसं झालं, हे आम्ही कोणाला विचारलं नाही. दिंडी कुठवर पोचली, म्हाताऱ्या माणसांचे पाय कसे आहेत, हेही विचारलं नाही.

आषाढीच्या दिवशी घरात टीव्हीवर पंढरपूर दाखवत होते. आमची मंडळी भांडली नाही, समजूतही घातली नाही. तिने एवढंच विचारलं की नामदेवरायांच्या मडक्याचं कीर्तन आपण आजवर किती वेळा केलं असेल. आम्ही मनात मोजायला लागलो. हाटकेशला किती, काशीगावाला किती, घोडबंदरला किती, खाडीपलीकडे किती. आकडा शंभरावर गेला. तो आकडा तिला सांगितला आणि सांगता सांगता कळलं की तिने हिशोब विचारलाच नव्हता.

तर नामदेवराय विठ्ठलापुढे रडले. देवाने काय करावं? लाडक्याची बाजू घ्यावी की नाही? देवाने सांगितलं की काकांचं खरं आहे, तुला गुरू करायला हवा, विसोबा खेचरांकडे जा. आम्हाला चरित्रातली सगळ्यात मोठी जागा ही वाटते. विहीर भरली ती मोठी गोष्ट खरीच, पण रुसलेला माणूस पिशवी घेऊन उलट शिकायला निघाला, ही त्याहून मोठी. आम्ही लोणंदहून घरी आलो. नामदेवराय औंढ्याला गेले.

विसोबा खेचर कोण, तेही ऐकून ठेवा. हेच विसोबा आधी माउलींना आणि भावंडांना फार छळायचे. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही. तेव्हा माउलींनी जठराग्नी पेटवला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. ते बघून विसोबांचा ताठा गळाला आणि ते त्यांच्याच पायाशी आले, असं परंपरा सांगते. म्हणजे नामदेवरायांना गुरू मिळाला तो जन्माचा पक्का नव्हता. आव्यात भाजून निघालेला होता. कच्चेपणाची चव ज्याने घेतली, त्यालाच दुसऱ्याचं कच्चेपण हळुवार हाताळता येतं.

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचं ठिकाण, नरसीसारखंच आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. नामदेवराय देवळात गेले आणि बघतात तर एक रोगट म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपलेला. त्यांना राग आला. म्हाताऱ्याने विनवलं की अंगात त्राण नाही, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवरायांनी पाय उचलले आणि दुसरीकडे ठेवले. तिथे पिंड. तिथून उचलून आणखी पलीकडे ठेवले. तिथेही पिंड. ठेवायला जागाच सापडेना.

आम्ही हा प्रसंग पुष्कळ वर्षं चमत्कार म्हणून सांगितला. आता वाटतं की इथे चमत्कारापेक्षा हिशोब आहे. देव नसलेली जागा नाही, हे कळलं, की देव माझ्याकडे जास्त आणि तुझ्याकडे कमी ही भाषाच संपली. मग लाडका कोण आणि परका कोण? जो मी एवढी वर्षं कुरवाळला, तो मी ठेवायला पण जागा उरली नाही. नामदेवरायांनी विसोबांचे पाय हातात धरलेले होतेच, आता त्यांच्यावर डोकं ठेवलं.

आमच्या हाटकेशचं नावसुद्धा महादेवाचंच नाव आहे. आता इथे इमारती आणि गाळे झाले. आमच्या बापाच्या वेळी सगळी भाताची खाचरं होती आणि खाडीकडे मिठागरं. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं. रोपं पिवळी पडली की माणसं कधी बियाण्याला नावं ठेवायची, कधी पावसाला, कधी शेजाऱ्याला. आमचा बाप काही बोलायचा नाही. वाकून चिमूटभर माती उचलायचा आणि जिभेला लावायचा. खारी लागली की बांधाकडे चालायला लागायचा. शेताची काळजी सगळेच करायचे, रात्र रात्र करायचे. पण माती चाखणारा एखादाच. औंढ्याला नामदेवरायांनी स्वतःची माती चाखली, असं आम्हाला वाटतं.

माणूस बदलला की नाही हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, तो पुढे कुठे चालत जातो त्यावरून कळतं. आता नामदेवरायांचं पुढचं चालणं बघा.

शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, माउलींनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवराय तिथे हजर होते. त्यांनी माउलींचं चरित्र अभंगांत सांगितलं. आदि, तीर्थावळी आणि समाधी अशी त्याची तीन प्रकरणं. ज्याला आधी विठ्ठल आणि आपण यापलीकडे काही दिसत नव्हतं, तो आता दुसऱ्याची गोष्ट सांगायला बसला. आपल्याला आज माउलींच्या समाधीचा प्रसंग डोळ्यांपुढे दिसतो तो नामदेवरायांच्या डोळ्यांनी. कार्तिकात आळंदीला कीर्तनकार तो प्रसंग सांगतो आणि सगळा मंडप रडतो, ते रडणं मूळचं नामदेवरायांचं.

मग ते उत्तरेला निघाले. जे एके काळी पंढरी सोडायला तयार नव्हते, ते चालत पार पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे, तिथे ते पुष्कळ वर्षं राहिले. पंढरपूर तिथून दीड हजार किलोमीटरच्या वर. ना मोटार, ना फोन. तिथल्या लोकांच्या बोलीत त्यांनी पदं रचली. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. घुमानला त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे आणि २०१५ साली आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथे भरलं होतं. जिथे पाय ठेवावा तिथे पिंड, हे ज्याला कळलं, त्याला पंढरी सोडल्याचं दुःख कशाला होईल? तो चालेल तिथे पंढरीच.

यावरून एक आठवलं. एकदा आपल्या दिंडीची निघायची तयारी चालली होती. पताका बांधायचं काम रस्त्याकडेला होतं. तिथे एका ट्रकवाल्या सरदारजीने थांबून विचारपूस केली. बोलता बोलता नामदेवांचं नाव निघालं. त्याने तिथेच हात जोडले आणि भगत नामदेवांचं एक पद त्याच्या भाषेत म्हणून दाखवलं. आम्हाला ते येत नव्हतं. पन्नास वर्षं आम्ही नामदेवराय आमचे, आमचे म्हणत होतो आणि त्यांच्या तोंडचं एक पद आम्हाला एका ट्रकवाल्याकडून ऐकायला मिळालं. पुन्हा एकदा डोक्यावर थापटी बसली. या वेळेला मात्र आम्ही रुसलो नाही, त्याला खाली बसवून चहा पाजला आणि पुन्हा म्हणायला लावलं.

नामदेवराय पुढे पंढरपूरला होते तेव्हाचा प्रसंग. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबाराय गेले. त्यांच्याबरोबर दुसरीही माणसं दगावली. काही दिवस गेले, ढिगाऱ्यात नुसती हाडं राहिली. ज्या चोखोबांना राउळाच्या आत येऊ देत नव्हते, त्यांची हाडं गोळा करायला कोण जाणार? नामदेवराय गेले. एकेक हाड उचलून कानाशी लावलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून वेगळं काढलं. ती हाडं पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली.

तेव्हा नामदेवरायांचं वय ६८ होतं. आम्ही आज साधारण त्याच वयाचे आहोत. गुडघे कुरकुरतात, थोडं ऊन लागलं की बसावंसं वाटतं. त्या वयात मंगळवेढ्याच्या उन्हात दगडमाती उपसायची आणि लोक ज्याला शिवत नव्हते त्याची हाडं कानाशी धरायची! तरुणपणी ते देवाला सांगायचे आणि देवाने ऐकायचं. म्हातारपणी ते दुसऱ्याच्या हाडातला देव ऐकत होते. कच्चं मडकं पक्कं झालं ते हे असं.

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीला, १३५० साली, ८० व्या वर्षी त्यांनी पंढरपूरला समाधी घेतली. जागा कुठली मागितली? ज्याच्याशी लहानपणापासून हट्ट केला, त्याच्या गाभाऱ्यात नाही. महाद्वाराची पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ डोक्यावर पडावी म्हणून. ज्या डोक्याला थापटी सोसली नव्हती, ते डोकं त्यांनी साऱ्या वारकऱ्यांच्या पायांखाली दिलं. घरची माणसं आणि जनाबाईही त्यांच्याबरोबरच गेली, असं मानतात. ज्या घराचं गाऱ्हाणं राजाई सांगायची, ते घर शेवटी सगळं एका पायरीशी आलं. समोर चोखोबा आणि दारात नामदेवराय. आपण दर वर्षी आधी त्या पायरीला हात लावतो, मग आत जातो.

आता आमचं थोडं राहिलं ते सांगून थांबतो. लोणंदच्या दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा दिंडीत गेलो. त्याच मुलाच्या कीर्तनात मागे टाळ धरून उभे राहिलो. पहिले दोन दिवस फार जड गेले. त्याची चाल चुकली की आत कुठेतरी बरं वाटायचं आणि बरं वाटलं हे आपल्यालाच दिसायचं. आधी दिसत नव्हतं, आता दिसायला लागलं, एवढाच काय तो फरक पडला. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला तेव्हा आम्ही त्याला जेष्ठमधाची कांडी दिली. आज तो आमच्याहून चांगलं कीर्तन करतो. हे लिहिताना थोडं टोचतं, पण खरं आहे.

वारी आपल्याला हेच शिकवते, असं आम्हाला वाटतं. घरात बसून स्वतःचा विचार केला की माणूस स्वतःलाच मोठा दिसतो. चालताना पुढच्याच्या टाचेला पडलेल्या भेगा दिसतात, मागच्याचा टाळ ऐकू येतो, तुळस घेतलेल्या म्हातारीचा श्वास ऐकू येतो, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये आपण केवढे आहोत तेही कळतं. शंभर वर्षांत या दिंडीतून किती माणसं चालून गेली. पुष्कळांची नावंसुद्धा या ग्रंथात नसतील. त्यांच्या पायांनी मळलेल्या वाटेवरून आपण चालतोय.

शेवटी त्या फोटोचं. आम्ही लिहिणार होतो की फोटो छापला नाही तरी चालेल. पण ते लिहिताना मनात आलंच की असं लिहिलं तर वाचणारे केवढे निर्मळ म्हणतील! म्हणून ते वाक्य खोडलं. कमिटीने काय ते ठरवावं. थापटी नामदेवरायांना एकदा बसली आणि पुरली. आम्हाला अजून रोज लागते.

लेकराने वेडंवाकडं लिहिलं, ते मायबापांनी गोड मानून घ्यावं.

राम कृष्ण हरी.